सोनेरी मुलाम्याच्या काळातील अमेरिकी श्रीमंतांची गृहसजावट

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत रेल्वे, पोलाद, खनिज तेल, साखर आणि पेढीचा व्यवहार यांतून अफाट पैसा मिळवलेल्या कुटुंबांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर, ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टच्या समुद्रकाठी आणि इतरत्रही राजवाड्यांच्या तोडीची घरे बांधली. त्या घरांची आतली सजावट हा या नोंदीचा विषय आहे. या काळाला ‘गिल्डेड एज’ म्हणतात. मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांनी मिळून लिहिलेल्या १८७३ मधील कादंबरीवरून हे नाव रूढ झाले. गिल्डेड म्हणजे सोन्याचे नव्हे, सोन्याचा मुलामा दिलेले. वरून झळाळी आणि आत दुसरेच काही, असा ठपका त्या नावातच आहे. घरांच्या सजावटीपुरता तो अर्धाच लागू पडतो. मिरवण्याचा हेतू उघड होता, पण ज्या हातांनी हे काम केले त्यांचे कसब मुलाम्याचे नव्हते.

पैसा किती होता याची कल्पना एका घराण्यावरून येते. स्टेटन आयलंड आणि मॅनहॅटन यांच्यामध्ये होडीने उतारू नेण्यापासून सुरुवात केलेले कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट १८७७ मध्ये वारले, तेव्हा त्यांची मालमत्ता सुमारे १० कोटी डॉलर होती. मुलगा विल्यम हेन्री यांनी पुढच्या आठ वर्षांत ती जवळजवळ दुप्पट केली. संघराज्याचा प्राप्तिकर १८७२ मध्ये उठला होता. १८९४ मध्ये पुन्हा बसवलेला कर सर्वोच्च न्यायालयाने वर्षभरात रद्द केला आणि १९१३ पर्यंत तो परत आला नाही. हाती राहिलेला पैसा घरांत ओतला गेला. युरोपातील सरदारांच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या साठत आलेले सामान या मंडळींना दोन-तीन वर्षांत उभे करायचे होते. या सजावटीतील भव्यता आणि अतिरेक, दोन्हींचे मूळ या घाईत आहे.

फिफ्थ ॲव्हेन्यूवरील ६४० क्रमांकाचे घर

या काळाचा पहिला मोठा नमुना म्हणजे विल्यम हेन्री व्हँडरबिल्ट यांचे १८८२ मध्ये पूर्ण झालेले घर. बाहेरून ते तपकिरी वालुकाश्माचे, जरा बोजडच होते. आतले सारे काम हर्टर ब्रदर्स या न्यूयॉर्कच्या पेढीकडे होते. गुस्ताव आणि ख्रिस्तियान हर्टर हे भाऊ मूळचे जर्मनीतील श्टुटगार्टचे. उंची फर्निचर घडवण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि हळूहळू भिंत, छत, पडदे, दिवे, खुर्च्या असे अख्ख्या घराचे काम ते अंगावर घेऊ लागले. खोली ही एकाच कल्पनेतून घडवायची वस्तू आहे, हा विचार अमेरिकेत रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

प्रवेशदालनात मॅलाकाइट या हिरव्या दगडाचा माणसापेक्षा उंच कलश होता. रशियातील देमिदोव घराण्यासाठी १८१९ मध्ये तो घडवला गेला होता आणि फ्लॉरेन्सजवळच्या त्यांच्या वाड्याचा लिलाव १८८० मध्ये झाला तेव्हा व्हँडरबिल्ट यांच्याकडे आला. दिवाणखान्याच्या भिंतींवर फिकट तांबडी मखमल होती आणि तिच्यावर पाने, फुले आणि फुलपाखरे भरलेली होती. भरतकामात पैलू पाडलेले स्फटिक टाचले होते. जपानी बैठकीच्या खोलीला बांबूचे छत आणि लाखेसारख्या तांबड्या रंगाची कपाटे होती. फिलाडेल्फियात १८७६ साली भरलेल्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात जपानच्या दालनाने अमेरिकनांना वेड लावले होते, त्याचाच हा परिणाम. ग्रंथालयातील शिसवी मेज आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याच्या दोन टोकांना पृथ्वीचे गोलार्ध कोरलेले आहेत आणि वरच्या फळीत शिंपल्याचे तारे जडवलेले आहेत. रेल्वेमार्गांच्या मालकाने पृथ्वी आणि आकाश एका मेजावर मागावे यात गर्व आहे, पण ते तारे ज्या सफाईने लाकडात बसवले आहेत ते पाहताना गर्वाचा विसर पडतो.

घर बंद दाराआड राहावे अशी मालकांची इच्छा नव्हती. व्हँडरबिल्ट यांच्या चित्रदालनात ठरावीक दिवशी आमंत्रितांना प्रवेश असे आणि घरावर चित्रमय ग्रंथही निघाला. याच सुमारास, १८८३-८४ मध्ये, ॲपलटन या प्रकाशनसंस्थेने ‘आर्टिस्टिक हाउसेस’ या नावाने श्रीमंत घरांच्या आतल्या छायाचित्रांचा संच काढला. प्रती फक्त ५००. पाडल्या गेलेल्या अनेक घरांच्या आत काय होते हे आज आपल्याला या छायाचित्रांमुळे कळते. त्यांत माणसे जवळपास नाहीतच. आहेत त्या रिकाम्या, गच्च भरलेल्या खोल्या.

उजेड आणि काळोख

त्या छायाचित्रांत खोल्या अंधाऱ्या आणि गुदमरवणाऱ्या वाटतात. गडद लाकूड, एकावर एक तीन-तीन पडदे, भिंतीचे खालचा भाग, मधला भाग आणि वरची पट्टी असे तीन वेगळे पट्टे, छतालाही नक्षी. मात्र या खोल्या दिवसासाठी फारशा नव्हत्याच. त्या संध्याकाळी, गॅसच्या हलत्या पिवळ्या ज्योतीत पाहायच्या होत्या. सोन्याचा वरख, शिंपले, पितळ, रेशीम, काचेचे लोलक या वस्तू निवडण्यामागे शोभेइतकेच हेही कारण होते. मंद उजेड झेलून परत फेकणारे प्रत्येक साहित्य त्या खोलीत उपयोगाचे होते. समईच्या उजेडात चांदीचे देव्हारे पाहिलेल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको.

वीज आली ती याच घरांत आधी. मॅडिसन ॲव्हेन्यूवरील जे. पी. मॉर्गन यांच्या घरात १८८२ मध्ये एडिसन यांच्या कंपनीने विजेचे दिवे बसवले. शहराची वीज तिथवर पोचली नव्हती, म्हणून आवारातच वाफेचे यंत्र आणि जनित्र बसवावे लागले. त्याच्या घरघरीने शेजारी हैराण झाले, तारेतून ठिणगी उडून ग्रंथालयातील मेज जळाले, तरी मॉर्गन यांनी दिवे काढले नाहीत. व्हँडरबिल्ट यांच्याकडे मात्र उलट घडले. एडिसन यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, दिव्यांची चाचणी चालू असताना भिंतीवरच्या आच्छादनातील धातूच्या बारीक धाग्यांशी तारांचा संपर्क आला आणि भिंत धुमसू लागली. आग विझली, पण तळघरात बाष्पक (बॉयलर) आहे हे घरच्या बाईंना तेव्हा कळले. बाष्पकाच्या डोक्यावर मी राहणार नाही, असे त्यांनी बजावले आणि सारी यंत्रणा काढून न्यावी लागली. भिंतीत जरीचे धागे गुंफण्याची हौस आणि भिंतीतून वीज खेळवण्याची हौस, दोन्ही एकाच दशकातल्या. त्या अशा एकमेकींना भिडल्या.

एका स्त्रीची शृंगारखोली

या सगळ्या काळातली एकच खोली जवळून पाहायची असेल तर ती ॲराबेला वर्शम यांची. मॅनहॅटनमधील ४ वेस्ट ५४व्या रस्त्यावरचे घर त्यांनी १८८१-८२ च्या सुमारास जॉर्ज शास्टी यांच्याकडून सजवून घेतले. शास्टी हेही जर्मन वंशाचे कारागीर, हर्टर बंधूंच्या तोलाचे, पण पुढे विस्मरणात गेलेले. शृंगारखोली मोठी नाही. भिंतीला, कपाटांना, दारांना सॅटिनवुड हे मधासारख्या रंगाचे लाकूड आहे आणि त्यात जांभळट रंगाचे दुसरे लाकूड व शिंपले जडवलेले आहेत. जवळ गेल्यावर लक्षात येते की ही जडावाची नक्षी नुसती वेलबुट्टी नाही. तिच्यात हातआरसे आहेत, कंगवे आहेत, कात्री आहे, कानातली आणि गळ्यातली आहेत. ज्या कामासाठी ती खोली, त्या कामाची सारी साधने भिंतीतच उतरवलेली. लाकडाचा एकेक तुकडा नखाएवढा, आणि सांधा बोटाला लागत नाही.

ॲराबेला यांनी १८८४ मध्ये रेल्वेसम्राट कॉलिस हंटिंग्टन यांच्याशी लग्न केले आणि हे घर सामानसुमानासकट जॉन डी. रॉकफेलर यांना विकले. रॉकफेलर साध्या राहणीचे, धार्मिक बाप्टिस्ट. अमेरिकेतले सर्वांत श्रीमंत गृहस्थ होऊनही त्यांनी सजावट जवळपास होती तशीच ठेवली आणि तिच्यातच ते राहिले. त्यामुळे ही सजावट वाचली. घर १९३८ मध्ये पाडले गेले, पण तीन खोल्या आधीच सोडवून संग्रहालयांकडे दिल्या गेल्या होत्या. शृंगारखोली आज मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, शयनगृह रिचमंडच्या व्हर्जिनिया कलासंग्रहालयात आणि ‘मूरिश’ (स्पेन-उत्तर आफ्रिकेतील मुस्लिम) पद्धतीची धूम्रपानखोली ब्रुकलिन संग्रहालयात आहे. घराच्या जागेवर आधुनिक कलासंग्रहालयाची शिल्पबाग आहे.

त्या धूम्रपानखोलीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तसल्या खोल्या त्या काळात घरोघर होत्या. पुरुषांनी जेवणानंतर सिगार ओढायला बसायचे, तर खोली ‘पौर्वात्य’ हवी असा संकेतच पडला होता. लोड-तक्के, जाळीचे दिवे, गालिचे, भिंतीवर भाले आणि ढाली. ऐपत कमी असलेल्या घरांत खोलीऐवजी ‘तुर्की कोपरा’ असे. स्पेनमधील अल्हाम्ब्रा, कैरो, इस्तंबूल, इराण, हिंदुस्थान या सर्वांचे एकच गाठोडे त्यात बांधलेले दिसते. ज्यांच्याकडे लोड-तक्के रोजच्या बैठकीचे आहेत त्यांना हे खटकते आणि ते खटकणे रास्त आहे. तरीही याच हौसेतून एक खरा, दोन्ही बाजूंना काही देणारा व्यवहार उभा राहिला.

अहमदाबादचे मिस्त्री

लुई कम्फर्ट टिफनी, सॅम्युअल कोलमन, कँडेस व्हीलर आणि लॉकवुड डी फॉरेस्ट हे चौघे १८७९ पासून सजावटीचे काम एकत्र करू लागले. असोसिएटेड आर्टिस्ट्स हे त्यांच्या पेढीचे नाव. हार्टफर्ड येथील मार्क ट्वेन यांच्या घरातील दालनांवर त्यांनी १८८१ मध्ये साच्यांनी चंदेरी नक्षी उठवली. राष्ट्राध्यक्ष आर्थर यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्येही त्यांनी काम केले. टिफनी यांचा तिथला रंगीत काचेचा पडदा १९०२ च्या नूतनीकरणात काढून टाकला गेला. ही मंडळी १८८३ मध्ये वेगळी झाली. व्हीलर यांनी तेच नाव पुढे चालवले आणि विणकाम-भरतकामाची केवळ स्त्रियांची पेढी उभी केली. अमेरिकेत गृहसजावट हा बायकांनी पैसे मिळवण्याचा प्रतिष्ठित व्यवसाय होऊ शकतो हे त्यांनी दाखवून दिले.

डी फॉरेस्ट यांची वाट वेगळी. नवपरिणीत पत्नीसह ते हिंदुस्थानात आले आणि १८८१-८२ मध्ये देशभर हिंडले. लाहोरला त्यांचा लॉकवुड किपलिंग यांच्याशी स्नेह जुळला. किपलिंग त्याआधी दहा वर्षे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिल्पकलेचे शिक्षक होते. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारांवरील कोरीव पट त्यांचेच. हिंदी कारागिरांचे कसब मोडीत निघत आहे ही किपलिंग यांची खंत होती. डी फॉरेस्ट यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील अहमदाबादला मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर १८८१ मध्ये लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला. हठीसिंग हे शहरातले नामांकित जैन व्यापारी घराणे; तिथले संगमरवरी जैन मंदिर त्याच घराण्याचे. घरांच्या दर्शनी भागांवर, खांबांवर आणि झरोक्यांवर कोरीवकाम करणाऱ्या मिस्त्रींना इथे न्यूयॉर्कची मागणी मिळाली. सागवानी पट्टे, तुळया, कंस, शेकोटीच्या चौकटी आणि जाळीदार पितळी पत्रे बोटीने अमेरिकेत जाऊ लागले.

सजावटीच्या इंग्रजी इतिहासांत हे प्रकरण बहुधा ‘विदेशी शैली’ म्हणून दोन ओळींत संपते. मला ते त्याहून मोठे वाटते. न्यूयॉर्कच्या घरमालकाला हवी होती ती जुनेपणाची छाया, आणि अहमदाबादच्या मिस्त्रीकडे ती छाया नव्हे, तर प्रत्यक्ष चालू असलेली परंपरा होती. त्या कारागिरांची नावे घरांच्या वर्णनांत येत नाहीत. नाव येते ते डी फॉरेस्ट यांचे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांचे ९१व्या रस्त्यावरील घर १९०२ मध्ये पूर्ण झाले. त्यातील कौटुंबिक ग्रंथालय डी फॉरेस्ट यांनी सागवानी कोरीवकामाने मढवले. आज तिथे कूपर ह्युइट हे डिझाइनचे संग्रहालय आहे आणि ती खोली जागेवर टिकून आहे.

संगमरवराचे दशक

काळ १८९० कडे सरकला तशी रुची पालटली. गडद लाकूड, जपानी पंखे, तुर्की कोपरे मागे पडले आणि फ्रान्सच्या राजांचे वाडे समोर आले. वास्तुविशारद रिचर्ड मॉरिस हंट हे या वळणाचे मुख्य नाव. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत शिकलेले ते पहिले अमेरिकी. विल्यम हेन्री यांचे चिरंजीव विल्यम के. व्हँडरबिल्ट आणि त्यांच्या पत्नी आल्व्हा यांच्यासाठी त्यांनी न्यूपोर्टला ‘मार्बल हाउस’ बांधले (१८८८-९२). खर्च १ कोटी १० लाख डॉलर सांगितला जातो. पैकी ७० लाख एकट्या संगमरवराचे. आतली सजावट पॅरिसच्या झ्यूल अलार यांच्या पेढीची. प्रवेशदालनाला इटलीतील सिएनाचा पिवळा दगड आहे, भोजनगृहाला आफ्रिकेतील गुलाबी. ब्राँझच्या भोजनखुर्च्या इतक्या जड की बसणाऱ्याला त्या एकट्याने सरकवता येत नसत. प्रत्येक पाहुण्यामागे सेवक उभा असणे हे त्यात गृहीतच धरलेले होते. हे घर वर्षाकाठी उन्हाळ्याचे काही आठवडेच वापरात असे, आणि असल्या घरांना न्यूपोर्टमध्ये ‘कॉटेज’ म्हणत.

थोरले बंधू दुसरे कॉर्नेलियस यांचे ‘द ब्रेकर्स’ (१८९३-९५) याहून मोठे, ७० खोल्यांचे. आधीचे लाकडी घर १८९२ मध्ये जळाले होते. म्हणून नव्या घरात बांधकामाला लाकूड वापरायचे नाही असे ठरले आणि बाष्पक घरापासून दूर, जमिनीखाली नेले गेले. न्हाणीघरात अखंड संगमरवरातून कोरलेले टब आहे. त्याला चार नळ, दोन गोड्या पाण्याचे आणि दोन समुद्राच्या, प्रत्येकी गरम आणि गार. संगीतदालन फ्रान्समध्ये पूर्ण तयार करून, सुटे करून बोटीने आणले आणि इथे जोडले. सकाळच्या बैठकीच्या खोलीत चंदेरी पार्श्वभूमीवर कलादेवता रंगवलेल्या आहेत. तो चांदीचा वरख असावा, असे शंभर वर्षे सगळे धरून चालले होते. चांदी काळवंडते, आणि हा तर लख्ख राहिलेला. अलीकडे क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी झाली तेव्हा तो प्लॅटिनमचा निघाला.

धाकटे बंधू जॉर्ज यांनी नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिल येथे ‘बिल्टमोर’ बांधले. २५० खोल्यांचे हे घर १८९५ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी उघडले. भोजनदालनाचे छत ७० फूट उंच आहे. ग्रंथालयाच्या छतावर व्हेनिसच्या पिझानी वाड्यातून उचलून आणलेले पेल्लेग्रिनी यांचे चित्र बसवले आहे. युरोपातील जमीनदार घराणी तेव्हा अडचणीत होती. छते, शेकोट्या, लाकडी भिंती विकायला निघत होत्या, आणि अमेरिकी गिऱ्हाईक तयारच होते. अशी छते मूळ जागेवरून हलवणे मला पटत नाही. मात्र पेल्लेग्रिनींचे हे चित्र आज सर्वांना पाहता येते.

हे वैभव कुणाच्या बळावर चालले, तेही याच शहरात दिसत होते. छायाचित्रकार-पत्रकार जेकब रीस यांनी १८९० मध्ये मॅनहॅटनच्या चाळींतील एकेका कोंदट खोलीत दाटीवाटीने झोपणारे कामगार दाखवले. फिफ्थ ॲव्हेन्यूपासून ते अंतर पायी जाण्याजोगे होते. कार्नेगी यांच्या होमस्टेड पोलाद कारखान्यातील संप १८९२ मध्ये रक्तपातात मोडला गेला. अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली, तेव्हा उदाहरणे शोधायला त्यांना लांब जावे लागले नाही.

सजावटीच्या क्षेत्रातूनही विरोध सुरू झाला होता. लेखिका ईडिथ व्हॉर्टन आणि सजावटकार ऑग्डेन कॉडमन यांनी १८९७ मध्ये गृहसजावटीवर एक पुस्तक लिहिले आणि पडदे, झालरी, शोभेच्या वस्तूंची गर्दी यांवर कडक टीका केली. प्रमाण आणि मोकळी जागा हीच खरी सजावट, असे त्यांचे म्हणणे. हे कॉडमन म्हणजे ब्रेकर्सच्या वरच्या मजल्यांवरील शयनगृहे सजवणारेच. वर गेल्यावर खोल्या एकदम हलक्या, फिकट, राहण्याजोग्या होतात, आणि बदललेली रुची एका जिन्याच्या अंतरात कळते.

मग प्राप्तिकर आला, महायुद्ध आले, नोकर मिळेनासे झाले आणि मॅनहॅटनमधील जमिनीचे भाव घरांपेक्षा वरचढ ठरले. दुसऱ्या कॉर्नेलियस यांचे फिफ्थ ॲव्हेन्यूवरील घर १९२० च्या दशकात पाडून तिथे कपड्यांचे भव्य दुकान उभे राहिले. त्या घराची लोखंडी फाटके सेंट्रल पार्कमधील एका बागेला लावली आहेत, आणि शिल्पकार सेंट-गॉडन्स यांनी घडवलेली शेकोटीची चौकट मेट्रोपॉलिटनमध्ये आहे. साखरसम्राट हॅवमायर यांच्या घरात टिफनी यांनी केलेली मोरांची नक्षी आणि हवेत तरंगल्यासारखा जिना होता. ते घर १९३० मध्ये गेले. ६४० क्रमांक १९४० च्या दशकात गेला. न्यूपोर्टची घरे मात्र तिथल्या जतनसंस्थेने वाचवली आणि बिल्टमोर १९३० पासून लोकांना खुले आहे.

डी फॉरेस्ट यांचे स्वतःचे घर ७ ईस्ट १०व्या रस्त्यावर आहे. १८८७ मध्ये ते बांधताना त्यांनी दर्शनी भागाला सागवानी झरोका बसवला, अहमदाबादच्या एखाद्या ‘पोळ’मध्ये, म्हणजे जुन्या गल्लीवस्तीत, शोभेल असा, पानाफुलांनी गच्च कोरलेला. आता ती इमारत विद्यापीठाकडे आहे. समोरच्या पदपथावर उभे राहून मान वर केली की तो दिसतो. शंभराहून अधिक हिवाळ्यांचा बर्फ त्याच्यावर पडून गेला आहे आणि कोरीव पाने अजून शाबूत आहेत.